तटस्थतेची उधारी ३१ डिसेंबरला संपते

हा इशारा तिघांसाठी आहे. डब्लिनमध्ये राज्य करणाऱ्या फिना फॉल आणि फिने गेल या दोन जुन्या पक्षांसाठी; समोरच्या बाकांवर बसून उठता-बसता तटस्थतेचा जप करणाऱ्या विरोधकांसाठी; आणि आयर्लंडचा पासपोर्ट खिशात घालून ‘त्यांचं राजकारण त्यांच्यापाशी’ म्हणत हात झटकणाऱ्या माझ्या मराठी बांधवांसाठी. मीही त्यांच्यातलाच. किलार्नीच्या सभागृहात देशोदेशीच्या लोकांबरोबर उभे राहून या राष्ट्राशी निष्ठेची शपथ घेतलेला. शपथ घेतली म्हणजे जाब विचारायचा हक्कही मिळाला, असे मी मानतो.

मुदत ३१ डिसेंबर २०२६. ही तारीख मी पंचांग उघडून काढलेली नाही. युरोपीय संघाचे सहा महिन्यांचे अध्यक्षपद १ जुलैपासून आयर्लंडकडे येते आणि त्या दिवशी संपते. त्याच दिवशी दक्षिण लेबनॉनमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचीही मुदत संपते. सुरक्षा परिषदेने ऑगस्ट २०२५ मध्ये तसा ठराव केला आहे. आयरिश जवान १९७८ पासून तिथे आहेत. जवळपास पन्नास जण तिथेच कामी आले. आपल्या भारताचीही पलटण त्या फौजेत आहे, म्हणून निळ्या टोपीची किंमत आपल्याला वेगळी सांगायला नको. युरोपचे यजमानपद आणि जगातली आपली सर्वांत जुनी ओळख, दोन्ही एकाच रात्री आयर्लंडच्या हातून जाणार आहेत. १ जानेवारी २०२७ ला हा देश नेमका कोण असेल, याचे उत्तर त्याआधी द्या.

एक गोष्ट आधीच साफ करतो. नाटोत जा, असे सांगायला मी लेखणी उचललेली नाही. आयर्लंडने कुठल्याही लष्करी गटाच्या दावणीला बांधून घेऊ नये, असेच माझे मत आहे. पण दुसऱ्याच्या पहाऱ्यावर झोपायचे आणि सकाळी उठून आपण कुणाच्या अध्यात ना मध्यात असे सांगत फिरायचे, याला मी तटस्थता म्हणायला तयार नाही.

कुलूप कुणाचे?

आयर्लंडच्या राज्यघटनेत तटस्थता हा शब्दच नाही, हे महाराष्ट्रातल्या वाचकांना सांगितले की ते चक्रावतात. घटनेत आहे ते एवढेच: डॉलच्या, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहाच्या, संमतीशिवाय युद्ध पुकारायचे नाही, आणि लोकांना विचारल्याशिवाय युरोपच्या सामायिक संरक्षणात सामील व्हायचे नाही. बाकीची तटस्थता ही रूढी आहे आणि त्या रूढीला कायद्याची एकच भक्कम कडी आहे, तिला इथे ‘ट्रिपल लॉक’ म्हणतात. तिहेरी कुलूप. बारापेक्षा जास्त सशस्त्र जवान मोहिमेवर परदेशी धाडायचे तर तीन किल्ल्या लागतात: संयुक्त राष्ट्रांची मान्यता, सरकारचा निर्णय आणि डॉलची मंजुरी.

मार्च २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने यातली पहिली किल्ली काढून टाकणाऱ्या विधेयकाचा आराखडा मंजूर केला. बाराचा आकडा पन्नासवर नेण्याचीही त्यात तरतूद आहे. एवढा मोठा फेरबदल, आणि तो करायचा साध्या कायद्याने, साध्या बहुमताने.

आता या कुलपाची हमी लोकांना कशी मिळाली ते आठवा. जून २००१ मध्ये आयरिश मतदारांनी युरोपीय संघाचा नीस करार फेटाळला. आपली फौज युरोपच्या सैन्यात ओढली जाईल, ही भीती त्या नकारामागच्या मोठ्या कारणांपैकी एक होती. सरकार जून २००२ मध्ये सेव्हिलच्या युरोपीय शिखर परिषदेला गेले आणि तिथून एक राष्ट्रीय घोषणापत्र घेऊन आले. त्यात या तिन्ही किल्ल्यांची हमी लिहून दिली होती. तो कागद दाखवून ऑक्टोबरमध्ये त्याच मतदारांना पुन्हा बोलावले आणि होकार मिळवला. लिस्बन कराराच्या वेळी हाच प्रयोग दुसऱ्यांदा झाला. जून २००८ मध्ये नकार, मग तटस्थतेला धक्का लागणार नाही अशी हमी, मग ऑक्टोबर २००९ मध्ये होकार. म्हणजे शब्द देऊन मत घेतले. दोनदा घेतले. आज जे पंतप्रधान आहेत ते मीहॉल मार्टिन विरोधी बाकावर असताना याच कुलपाची तरफदारी करत होते. २०२० मध्ये सत्तेत येताना त्यांच्या आघाडीने केलेल्या करारातही कुलूप कायम राहील असे छापले होते.

सरकारची बाजू अगदीच लंगडी आहे असे नाही, आणि ती न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. संयुक्त राष्ट्रांची किल्ली म्हणजे व्यवहारात सुरक्षा परिषदेतल्या पाच बड्यांच्या खिशातली किल्ली. फेब्रुवारी १९९९ मध्ये मॅसिडोनियातल्या शांतिसेनेची मुदतवाढ चीनने नकाराधिकार वापरून हाणून पाडली. कारण काय, तर मॅसिडोनियाने तैवानशी राजनैतिक संबंध जोडले होते. २००३ मध्ये युरोपीय संघाने तिथे आपली छोटी तुकडी पाठवली तेव्हा आयर्लंडला घरी बसावे लागले. २०१४ नंतर सुरक्षा परिषदेने एकही नवी शांतिसेना उभी केलेली नाही, हेही सरकार बोट दाखवून सांगते. लेबनॉनची मोहीम गुंडाळली गेली ती वॉशिंग्टनच्या दबावामुळे. आयरिश जवानाने कुठे जायचे हे मॉस्को, बीजिंग किंवा वॉशिंग्टनने का ठरवावे, हा प्रश्न रास्तच आहे.

मग किल्ली बदला. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेची मान्यता धरा, डॉलमध्ये दोन तृतीयांश बहुमताची अट घाला, दुसरा कुठला मार्ग सुचत असेल तर तो मांडा. त्यावर माझे भांडण नाही. भांडण आहे ते लोकांना टाळण्यावर. ज्या देशाने गर्भपातासारखा जळता प्रश्न चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या ९९ सामान्य नागरिकांपुढे ठेवला आणि मग सार्वमत घेतले, त्या देशाने सुरक्षेचा प्रश्न आला तेव्हा काय केले? जून २०२३ मध्ये कॉर्क, गॉलवे आणि डब्लिनमध्ये चार दिवस तज्ज्ञांची व्याख्याने भरवली. नागरिकांची सभा बोलवा, अशी मागणी होत होती. ती बाजूला ठेवली. कॉर्कच्या सभागृहात आंदोलकांनी मार्टिन यांचे भाषण अडवले. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मायकल हिगिन्स यांनी उघड नाराजी बोलून दाखवली, जे त्या पदाच्या रिवाजात बसत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये तर लोकांनी तटस्थतेची कड घेऊन लढलेल्या कॅथरीन कॉनोली यांना ६३ टक्के मतांनी राष्ट्राध्यक्ष केले. राष्ट्राध्यक्षांच्या हाती धोरण नसते, कबूल. पण वारा कुठून वाहतो आहे ते कळायला सत्ताच हातात असावी लागते असे थोडेच आहे?

ताकाला जाऊन भांडे लपवू नका. बदलायचे तर उघड बदला.

समुद्र कोण राखतो?

जानेवारी २०२२. रशियाने युक्रेनवर चाल करायला महिना उरला होता. मॉस्कोहून निरोप आला की कॉर्कच्या नैर्ऋत्येला सुमारे अडीचशे किलोमीटरवर रशियन युद्धनौका तोफांचा सराव करणार आहेत. जागा आयर्लंडच्या विशेष आर्थिक क्षेत्रातली. सरकारने नापसंती व्यक्त केली आणि आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार आपण त्यांना अडवू शकत नाही असे सांगितले. अडवले ते मच्छीमारांनी. आमचा हंगाम आहे, आमच्या बोटी ठरल्याप्रमाणे त्याच पाण्यात जाणार, एक परतली की दुसरी निघणार, असे नैर्ऋत्य किनाऱ्यावरच्या त्यांच्या संघटनेने जाहीर केले. मग त्यांचे प्रतिनिधी रशियाच्या राजदूतांना जाऊन भेटले. २९ जानेवारीला रशियाने सराव दुसरीकडे हलवला.

जगभर कौतुक झाले. मालवणच्या रापणकरांना ही जिद्द ओळखीची वाटेल. त्या सरकारात उपपंतप्रधान असलेले लिओ वराडकर यांचे मूळ गाव त्याच तालुक्यातले वराड, हा योगायोग जाता जाता नोंदवून ठेवतो. पण कौतुक ओसरल्यावर जे उरते ते लाजिरवाणे आहे. युरोपातल्या एका श्रीमंत, सार्वभौम राष्ट्राच्या समुद्राची राखण कोळ्यांनी केली.

आणि हा समुद्र आपल्या ओळखीचा आहे. २३ जून १९८५ च्या सकाळी एअर इंडियाचे ‘सम्राट कनिष्क’ मॉन्ट्रियलहून लंडनमार्गे दिल्ली-मुंबईकडे येत असताना याच पाण्यावर बॉम्बने फुटले. ३२९ जण गेले. आयरिश नौदलाचे ‘ॲशलिंग’ हे गस्तीजहाज त्या भागात होते. ते तिकडे वळले. जहाजावरची तरुण पोरे छोट्या रबरी होड्यांत उतरली आणि अटलांटिकच्या लाटांवर, विमानाच्या चिंधड्यांमधून, एकेक मृतदेह हाताने ओढून वर घेऊ लागली. मृतदेह कॉर्कच्या रुग्णालयात आणले गेले. वेस्ट कॉर्कच्या किनाऱ्यावर अहाकिस्ता नावाच्या खेड्यात आज स्मारक आहे. दर २३ जूनला तिथे नातेवाईक येतात आणि गावकरीही त्यांच्याबरोबर उभे राहतात. ॲशलिंग तिथे पोहोचली, कारण ती त्या दिवशी गस्तीवर होती. इतकी साधी गोष्ट आहे ही.

तिचे पुढे काय झाले? २०१६ मध्ये ती सेवेतून काढली. २०१७ मध्ये लिलावात १ लाख १० हजार युरोंना विकली. डब्लिनमध्ये त्या पैशांत धड घर मिळत नाही. एका डच व्यापाऱ्याने घेतली, तिथून ती संयुक्त अरब अमिरातीतल्या कंपनीकडे गेली, आणि शेवटी लिबियात खलिफा हफ्तार यांच्या ताफ्यात ‘अल करामा’ या नावाने युद्धनौका होऊन उभी राहिली. लिबियावर संयुक्त राष्ट्रांची शस्त्रबंदी असताना. जिने कनिष्कमधली माणसे पाण्याबाहेर काढली, ती एका सेनापतीच्या गृहयुद्धात कामाला लागली. तटस्थ देशाने आपले जुने जहाज विकताना ते पुढे कुठे जाईल याची चौकशी केली नाही, तर त्याच्या तटस्थतेचे पुढे काय होणार याचा अंदाज कुणीही बांधावा.

आज कॉर्क बंदरातल्या हॉलबोलाइन बेटावर नौदलाचा तळ आहे. कागदावर जहाजे आठ. त्यांतल्या चारांना सॅम्युअल बेकेट, जेम्स जॉइस, विल्यम बटलर येट्स आणि जॉर्ज बर्नार्ड शॉ यांची नावे आहेत. साहित्यिकांच्या नावाने गस्त घालणारे नौदल जगात दुसरे क्वचितच असेल. पण नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. जानेवारी २०२३ मध्ये खलाशी नाहीत म्हणून दोन जहाजे धक्क्याला बांधून ठेवावी लागली. पाण्याखाली काय चालले आहे हे ऐकणारे सोनार एकाही जहाजावर नाही. जून २०२५ मध्ये फ्रेंच कंपनीशी करार झाला, यंत्र यायचे २०२७ मध्ये. अटलांटिकच्या तळाशी अमेरिका आणि युरोप यांना जोडणाऱ्या डेटा-केबल्सचे मोठे जाळे मात्र याच पाण्यातून किंवा त्याच्या अवतीभवतीने जाते. रशियाचे ‘यांतार’ हे समुद्रतळ धुंडाळणारे जहाज नोव्हेंबर २०२४ मध्ये आयरिश समुद्रात फिरून गेले. आयरिश नौदलाने त्याला हद्दीबाहेर जाईपर्यंत सोबत केली. खाली त्याने काय पाहिले, काय ठेवले, ते कळायचे साधन आपल्यापाशी नव्हते.

जवानांत दम नाही असे कुणी म्हणू नये. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘मॅथ्यू’ हे मालवाहू जहाज कोकेन घेऊन या किनाऱ्यावर आले. ते थांबेना, तेव्हा ‘येट्स’ने इशाऱ्याच्या फैरी झाडल्या आणि आर्मी रेंजर विंगचे जवान खवळलेल्या समुद्रात हेलिकॉप्टरमधून दोरावरून त्याच्या डेकवर उतरले. सव्वादोन टनांच्या आसपास माल सापडला, किंमत १५ कोटी ७० लाख युरो. देशाच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी जप्ती. ज्यांनी हे केले त्यांना पगार इतका द्या की ते फौज सोडून खासगी नोकरीकडे पळणार नाहीत.

आकाशाचे तर विचारूच नका

आयर्लंडकडे लढाऊ जेट विमान नाही. एकही नाही. प्रशिक्षणाची पंख्याची विमाने आहेत, त्यांनाच प्रसंगी हत्यार लावतात. ट्रान्सपॉन्डर, म्हणजे विमानाची ओळख कळवणारे यंत्र, बंद करून आलेले विमान दिसेल असे लष्करी प्राथमिक रडारही आजवर नव्हते. आता ते विकत घ्यायचे ठरले आहे. रशियाची बॉम्बफेकी विमाने ट्रान्सपॉन्डर बंद ठेवून आयर्लंडच्या नियंत्रणाखालच्या हवाई क्षेत्रातून गेली आहेत आणि त्यांच्या मागावर निघाली ती ब्रिटनच्या हवाईदलाची विमाने. त्यासाठी लंडनशी १९५२ पासून गुप्त समझोता असल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे छापून येतात. सरकार हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. ज्या साम्राज्याचे जोखड झुगारण्यासाठी १९१६ चा उठाव झाला, त्याच साम्राज्याच्या वारसांच्या हाती आपले आकाश सोपवायचे आणि डॉलमध्ये त्यावर चकार शब्द काढायचा नाही, हा कुठला स्वाभिमान? डिसेंबर २०२५ मध्ये युक्रेनचे राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्की डब्लिनला आले त्या सुमारास समुद्रावर अनोळखी ड्रोन घिरट्या घालत होते आणि नौदलाच्या जहाजाला ते नुसते पाहावे लागले, अशाही बातम्या आल्या. आता अध्यक्षपदाच्या सहा महिन्यांत युरोपभरचे नेते इथे उतरणार आहेत.

ज्यांना समुद्र आणि आकाश दूरचे वाटते त्यांनी मे २०२१ आठवावा. सरकारी आरोग्यसेवेच्या संगणकांवर खंडणीखोरांनी टाळे ठोकले. कित्येक आठवडे रुग्णालये कागद-पेन्सिलवर आली, रक्ताचे अहवाल हातोहात पोहोचवावे लागले, कर्करोगाचे उपचार लांबले. इथल्या कितीतरी मराठी डॉक्टरांनी आणि नर्सनी ते दिवस काढले आहेत. तटस्थ देश म्हणून त्या टोळीने सवलत दिली नव्हती.

अलिप्ततावादाचे धडे आपण शाळेत गिरवले. अलिप्त राहणे चूक नव्हते. अलिप्त आहोत म्हणून कुणी हात लावणार नाही, असे मानणे चूक होते, आणि १९६२ च्या हिवाळ्यात त्याची किंमत जवानांनी पातळ कपड्यांत, जुन्या रायफली घेऊन मोजली. मग यशवंतरावांना मुंबई सोडून दिल्लीला संरक्षण खाते सांभाळायला जावे लागले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला हे वाक्य आपण अभिमानाने घोकतो; धावावे का लागले, ते घोकत नाही. आयर्लंडला धावून येणारा सह्याद्रीही नाही. आहे तो ब्रिटन, स्वतःच्या सोयीने.

आणि पैसे नाहीत, ही सबब तर कुणी सांगूच नये. २०२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणाला सुमारे दीड अब्ज युरो आहेत. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात हा आकडा युरोपीय संघात सर्वांत तळाचा, पाव टक्क्याच्या आसपास. आयर्लंडचे उत्पन्न परदेशी कंपन्यांच्या नफ्याने फुगलेले असते, ते वगळून मोजले तरी अर्ध्या टक्क्यापलीकडे तो जात नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये युरोपीय न्यायालयाने ॲपल कंपनीला १३ अब्ज युरोंचा थकलेला कर आयर्लंडला द्यायला लावला. आमचे सरकार तो नको म्हणून कंपनीच्या बाजूने कोर्टात उभे होते! फेब्रुवारी २०२२ मध्ये संरक्षण दलांच्या आयोगाने लिहून ठेवले की आहे ते बळ देशाच्या रक्षणाला पुरेसे नाही. तीन पायऱ्या सुचवल्या, सरकारने मधली निवडली, आणि त्या मधल्या पायरीसाठीही २०२८ उजाडायचे आहे. फौजेची मंजूर संख्या साडेनऊ हजार, हजर साडेसात हजारांच्या आसपास. पगार हे एक कारण. दुसरे, मार्च २०२३ च्या स्वतंत्र अहवालाने उघड केलेला फौजेतला छळ, विशेषतः स्त्रियांचा. आपल्याच मुलींना बराकीत सुरक्षित न ठेवणारी फौज त्यांना भरतीला या म्हणणार कोणत्या तोंडाने?

स्वित्झर्लंडकडे पाहा, ऑस्ट्रियाकडे पाहा. ऑस्ट्रियाने २६ ऑक्टोबर १९५५ ला तटस्थता घटनात्मक कायद्यातच लिहून टाकली, आणि दोन्ही देशांत तरुणांना लष्करी सेवा आजही सक्तीची आहे. ती सक्ती इथे आणा असे मी म्हणत नाही. कुणाशी लढणार नाही म्हणणाऱ्या देशालाही आपले दार स्वतः राखावे लागते, एवढेच त्यांच्याकडून शिका. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळचे पंतप्रधान डी व्हॅलेरा यांनाही ते कळत होते. १९३८ मध्ये ब्रिटनकडून तीन बंदरे परत मिळवली म्हणून १९३९ मध्ये तटस्थ राहता आले. तेव्हाची तटस्थता सोवळी होती असेही नाही: मेयो परगण्यातल्या ब्लॅकसॉडहून पाठवलेल्या हवामानाच्या नोंदींवर नॉर्मंडीच्या चढाईचा मुहूर्त एक दिवस पुढे ढकलला गेला.

आता मागण्या

सरकारला. तिहेरी कुलपाला हात लावायचा असेल तर ३१ डिसेंबरच्या आत सार्वमताची तारीख जाहीर करा, आणि त्या प्रश्नातच तटस्थता म्हणजे काय हे घटनेच्या भाषेत लिहा. घटना तुम्हाला सार्वमताची सक्ती करत नाही, हा वकिली युक्तिवाद आम्हाला ठाऊक आहे. सेव्हिलचा शब्द तुम्ही मतदारांना दिला होता. तो परत घ्यायचा तर मतदारांकडेच या. लंडनशी जो काही समझोता असेल तो डॉलच्या टेबलावर ठेवा. शॅनन विमानतळावरून या शतकात लाखो अमेरिकी सैनिक युद्धांच्या वाटेवर गेले. ते चालू ठेवायचे की थांबवायचे, यावर डॉलमध्ये नावानिशी मतदान घ्या. चालू ठेवणार असाल तर तटस्थतेची शेखी मिरवणे बंद करा. आणि रडार, सोनार व खलाशांचे पगार यांचे वेळापत्रक तारखांसह छापा, म्हणजे तारीख हुकली की कान कुणाचा पकडायचा ते आम्हाला कळेल.

हे झाले नाही तर काय? आयर्लंडमध्ये मतपत्रिकेवर पसंतीचे आकडे लिहायचे असतात. पहिली, दुसरी, पाचवी, सातवी. शेवटची जागा कित्येकदा अशाच सातव्या पसंतीवर ठरते, आणि तुमचे बरेच खासदार तिच्यावरच जगतात. १ जानेवारीपासून कुठलीही निवडणूक येवो, पोटनिवडणूक असो, २०२९ ची स्थानिक असो वा डॉलची, तुमच्या दोन्ही पक्षांच्या नावांपुढे आम्ही आकडाच लिहिणार नाही. चौकट कोरी राहील. आणि युरोपच्या पुढच्या करारासाठी सार्वमत घेऊन याल तेव्हा ‘हमी’ नावाचे नाणे खिशातून काढू नका. ते खोटे निघाले, असे आम्ही दारोदार जाऊन सांगू.

विरोधकांना. तुमचाही हिशेब मांडलेला आहे. कुलूप वाचवा म्हणून मोर्चे काढता, त्यात आम्ही तुमच्या बरोबर आहोत. पण तुमच्यातले काही जण जहाज, रडार, जवानाचा पगार यांतले काहीही आले की त्याला ‘लष्करीकरण’ म्हणून मोकळे होतात. उंटावरून शेळ्या हाकण्याचा हा धंदा पुरे. ब्रिटनचे विमान नको असेल तर कुणाचे विमान हवे ते सांगा. विमानच नको असेल तर आकाश कसे राखायचे ते सांगा. तुमच्या पर्यायी अर्थसंकल्पात संरक्षणापुढे किती युरो लिहिले आहेत, ते यंदा आम्ही सर्वांत आधी वाचणार आहोत. तिथे टाळाटाळ दिसली तर तुमचीही चौकट कोरी.

आणि मराठी मंडळींनो, आता तुमच्याशी. गणपतीच्या मांडवात आपण मुंबईच्या महापालिकेवर तासन्‌तास वाद घालतो. आपल्या परगण्याचा डॉलमधला प्रतिनिधी कोण, असे विचारले की मोदकाकडे वळतो. इथली घरे आपण घेतली, इथल्या शाळांत मुले घातली. उद्या केबल तुटली तर ज्या कंपन्यांत आपण काम करतो त्यांचे पडदे आधी काळे होतील. ‘आपण पाहुणे’ हे आता सोडा. ज्यांनी नागरिकत्व घेतले आहे त्यांना सार्वमतात आणि डॉलच्या निवडणुकीत मत आहे. ज्यांनी घेतलेले नाही त्यांनाही स्थानिक निवडणुकीत मत आहे, कारण इथे राहणे एवढीच त्याची अट आहे. नोंदणीला पीपीएस क्रमांक, जन्मतारीख आणि घराचा एअरकोड लागतो. भाड्याचे घर बदलले असेल तर पत्ता नव्याने नोंदवावा लागतो, आणि आपल्यातले बहुतेक जण नेमके तेच विसरतात. यादीत नाव नसेल तर वरच्या दोघांना दिलेल्या दमाला काडीचा अर्थ नाही. ३१ डिसेंबरची वाट पाहू नका. आज रात्री जेवणे उरकली की घरातल्या प्रत्येक सज्ञान माणसाचे नाव तपासा, आणि नसेल तर नोंदवूनच झोपा.